पावणेचार किलोचा भरवसा

१४ ऑक्टोबर

आजपासून रोजनिशी. ही वही फक्त माझ्यासाठी. उद्या कोणी विचारलं की नेवेनाचा कॉम्प्युटर कसा उभा राहिला, तर माझ्याजवळ लेखी काही असावं. कोणी विचारणार नाही, ते सोडा. या घरात मला कोणी काही विचारत नाही, थेट सांगतात.

तर वस्तुस्थिती अशी. नेवेना, म्हणजे माझी एकुलती एक मुलगी, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाच डिसेंबरला डिप्लोमाचं काम द्यायचंय. गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या पडक्या स्नानगृहाला पुन्हा उभं करायचं, आणि त्याची आत फिरून आल्यासारखी फिल्म करायची. तिचा जुना लॅपटॉप जिना चढल्यासारखा धापा टाकतो. म्हणून नवीन कॉम्प्युटर, घरी जोडलेला, माझ्या हातचा.

मेहुणा स्पासोये, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, म्हणाला, व्लास्तो, दुकानातून तयार घे ना, गॅरंटी मिळते. मी त्याला सांगितलं, बाबा रे, कारखान्याच्या खरेदी विभागात सव्वीस वर्षं काढलीत मी. मला खरेदी शिकवणारा अजून जन्मायचाय. तो टोपी उचलून निघाला. पटलं असावं.

बाकी सगळे भाग नेवेनानं निवडून मागवले, पलंगाखाली खोक्यांत पडलेत. उरला फक्त पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा. त्याचंही मॉडेल तिनं सांगितलं होतं. मी म्हटलं, एवढं तरी माझ्यावर सोड. ती म्हणाली, ठीक आहे बाबा, पण एकच बघ. फिल्म तयार व्हायला सलग दीड दिवस लागतो. मध्ये बंद पडला की सगळं पहिल्यापासून. मी शब्द दिला.

माझी बायको रोसांदा स्वयंपाकघरातून ओरडली, कोबीच्या पिंपासाठी नदीवरून एक चांगला दगड आणशील का? आंबवायच्या कोबीवर वजन लागतंच. गेल्या वर्षीचा दगड मी गॅरेजचं दार अडवायला ठेवला होता, तो कोणी तरी नेला. दगडसुद्धा चोरतात लोक! उद्या आणतो म्हटलं.

१६ ऑक्टोबर

संशोधन सुरू. कॉम्प्युटरवाल्यांच्या एका फोरमवर नाव नोंदवलं. नाव घेतलं 'खरेदीप्रमुख'. मी उपप्रमुख होतो, पण फोरमवर कोण बघायला येतंय.

माझा सिद्धान्त मांडला. कारखान्यात ट्रान्सफॉर्मर यायचे, तेव्हा आम्ही कागद वाचत बसायचो नाही. हातात उचलायचो. जड असेल तर आत तांबं आहे. हलका असेल तर पुरवठादाराला परत. तांबं जड असतं, फसवणूक हलकी असते. सव्वीस वर्षांत एकदाही चूक नाही. (एकदा झाली होती, पण ती गोदामवाल्याची.)

कोणा 'बिट-बेकरी' नावाच्या पोरानं उत्तर दिलं की आजोबा, तपासणीचे निकाल वाचा, नावाजलेलं मॉडेल घ्या आणि बिल जपून ठेवा. खाली दात काढणारे सहा चेहरे.

तत्त्वाचा प्रश्न म्हणून फोरम सोडला.

१९ ऑक्टोबर

दुकानात गेलो. मासे तोलायचा ताणकाटा बरोबर नेला, तोच ज्याच्यावर मी चार वर्षांपूर्वी नीशावा नदीतला तो मोठा कार्प मासा तोलला होता. दुकानातल्या पोरीला म्हटलं, पॉवर सप्लाय दाखव, सगळे. तिनं काउंटरवर सात मांडले. मी एकेक पिशवीत घालून काट्याला लटकवायला लागलो.

ती म्हणाली, काका, हे काय करताय?

म्हटलं, गुणवत्ता तपासणी.

ती म्हणाली, आमच्याकडे मासे नसतात हो काका. मागे रांगेतले दोघं हसले. हसू देत. तपासणी करणाऱ्याला जग नेहमीच हसतं.

निकाल धक्कादायक. नेवेनानं सांगितलेलं मॉडेल जेमतेम दोन किलो. एवढ्या किमतीत दोन किलो! एवढ्यात बाजारात कोकराची मांडी मिळते. पोरीला तसं सांगितलंही. ती म्हणाली, मग मांडीच घ्या काका. तोंडाळ आहे. नातेवाइकांचं दुकान असणार.

काहीही न घेता परतलो. घाईत खरेदी करणं हा गुन्हा आहे.

दगड राहिला. नदी दुकानाच्या उलट्या बाजूला आहे.

२३ ऑक्टोबर

आज ऐवार, म्हणजे हिवाळ्यासाठी भाजलेल्या मिरच्यांची चटणी. मागच्या अंगणात रोसांदानं लोखंडी चूल पेटवली आणि दोन पोती लाल भोपळी मिरच्या भाजल्या. मला सालं काढायला बसवलं. माझ्यासारख्या माणसाला संशोधनाच्या ऐन भरात सालं काढायला बसवणं म्हणजे काय म्हणावं. पण बसलो. नाही म्हणायची सोय नसते.

स्पासोये आला, आयत्या वेळेला पावाचा तुकडा घेऊन. विचारतो, मग व्लास्तो, लागला का सप्लाय? म्हटलं, प्रक्रिया चालू आहे. तो म्हणाला, माझा कॉम्प्युटर तयार घेतलेला, तीन वर्षं झाली, एकदा बंद नाही पडला. मी म्हटलं, तू तो चालवतोस तरी कुठे? पत्ते खेळतोस त्याच्यावर! रोसांदा म्हणाली, तू तर पत्तेही खेळू देत नाहीस पोरीला. भावाची बाजू घेणं ही तिची जुनी खोड.

नेवेना संध्याकाळी कॉलेजातून आली. तिथे कॉम्प्युटरसाठी नंबर लावावा लागतो. दमलेली दिसत होती. म्हणाली, बाबा, तो मी सांगितलेला घे ना, साधी गोष्ट आहे. मी तिला समजावलं की साध्या गोष्टीच माणसाला बुडवतात. तिनं बोट बुडवून ऐवार चाटला.

२८ ऑक्टोबर

विजय! विजय! विजय!

कोपऱ्यावरच्या कफान्यात, आमच्या नेहमीच्या गुत्त्यात, माझा कुम भेटला, गव्रिलो. माझ्या लग्नात साक्षीला उभा राहिला, नेवेनाला बाप्तिस्म्यात हातावर घेतलं त्यानं. कुम म्हणजे सख्ख्या भावापेक्षा वरचा. भावाशी भांडता येतं, कुमाशी नाही. दोन्हीकडून हाकही एकच, कुमे.

राकीच्या पहिल्या पेल्याला त्याला अडचण सांगितली. दुसऱ्या राकीला तो म्हणाला, अरे कुमे, आधी बोलायचं नाही का? माझा भाचा व्हिएन्नाहून येताना एक घेऊन आलाय, नवा कोरा, खोकंही उघडलं नाही. तिसऱ्या राकीला आम्ही त्याच्या गॅरेजमध्ये होतो.

खोक्यावर उडता गरुड आणि मोठ्या अक्षरांत 'गोल्ड'. कंपनीचं नाव कुठेच नाही. ज्याचा माल बोलतो त्याला नाव लागत नाही. उचलला तर हात खाली आला! काटा माझ्या खिशात होताच. पावणेचार किलो!! दुकानातले जवळजवळ दोन लागतील याच्या बरोबरीला.

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. काही राकीचं असेल.

बिल मागितलं नाही. कुमाकडे बिल मागायचं म्हणजे त्याच्या तोंडावर म्हणायचं की तू चोर आहेस. त्यानंही मी दिलेले पैसे मोजले नाहीत. अशी माणसं आता राहिली नाहीत.

३१ ऑक्टोबर

जोडणी पूर्ण. नेवेना स्क्रू पिरगाळत होती, मी टॉर्च धरला होता. म्हणजे देखरेख माझी. पॉवर सप्लाय बघून ती म्हणाली, बाबा, याच्यावर कंपनीच नाही. म्हटलं, उचलून बघ. तिनं उचलला. म्हणाली, जड आहे. म्हटलं, मग!

बटण दाबलं. फॅन फिरला, निळा दिवा लागला, पडदा उजळला. नेवेनानं माझ्या गळ्यात हात टाकले. लहानपणी सायकलला घंटी बसवून दिली होती तेव्हा टाकले होते, त्यानंतर आत्ता. लिहून ठेवतो.

रोसांदानं दारातून बघितलं आणि म्हणाली, छान. आता दगड.

४ नोव्हेंबर

कोबी आला. स्पासोयेनं गाडीतून आणला, पंधरा गड्डे, घट्ट, पांढरेशुभ्र. दिवसभर दांडे कोरून त्यात मीठ भरलं, गॅलरीतल्या पिंपात एकावर एक बसवले, वरून मिठाचं पाणी, त्यावर लाकडी फळ्या आडव्या. रोसांदा म्हणाली, दगड? मी म्हटलं, उद्या.

तिनं फळ्यांवर पाणी भरलेलं पातेलं ठेवलं. ते कलंडलं. मग माझा व्यायामाचा डंबेल ठेवला. तो गोल, गडगडत जाऊन भिंतीला. फळी वर, कोबी वर, कोबीला हवा लागली की बुरशी. रोसांदानं हे सगळं मला वर्गात शिकवल्यासारखं सांगितलं. म्हणाली, निकोलसच्या दिवशी घरात माणसं येणार, सार्मा कशात गुंडाळू, वर्तमानपत्रात?

एकोणीस डिसेंबरला आमच्या घराण्याच्या संताचा दिवस, स्लावा. त्या दिवशी कोणाला बोलवायचं नसतं, ज्याला यायचं तो येतो, आणि आंबवलेल्या कोबीच्या पानांत सारण गुंडाळलेल्या सार्मा नसल्या तर पुढचं वर्षभर गल्लीत तोंड लपवून चालावं लागतं. म्हणजे कोबी महत्त्वाचा आहे, मला मान्य आहे. पण दीड महिना आहे अजून.

७ नोव्हेंबर

कॉम्प्युटर बंद पडला. आपोआप. नेवेना नुसती चाचणी घेत होती.

कारण मला लगेच कळलं: विजेचा दाब. खालच्या मजल्यावरची देसांका धुण्याचं मशीन लावते तेव्हा आमच्याकडे बल्बही डोळे मिचकावतो. पायऱ्या उतरून गेलो आणि स्पष्ट शब्दांत सांगितलं की शेजारीणबाई, एका मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे, तुमचे कपडे थांबू शकतात.

ती म्हणाली, व्लास्तिमिर शेजारी, माझं मशीन ऑगस्टपासून बंद आहे. तुम्हीच मोटर काढून नेलीत, आठवड्यात दुरुस्त करून देतो म्हणालात.

मोटर गॅरेजमध्ये आहे. बघतो वेळ मिळाला की.

वर आलो तेव्हा कॉम्प्युटर चालू होता. एकदा कोणाचंही होतं. माणूससुद्धा शिंकतो.

११ नोव्हेंबर

पुन्हा बंद. या वेळी खरं कारण सापडलं आणि मला माझाच अभिमान वाटला. प्रोमाया!

कॉम्प्युटर नेवेनाच्या खोलीत खिडकी आणि दार यांच्या अगदी मध्ये ठेवलाय. दोन्ही उघडी असली की आरपार वारा, हीच प्रोमाया. याच वाऱ्यानं माझ्या आईची मान धरली, काकांचं तोंड वाकडं झालं, गव्रिलोच्या कमरेत उसण भरली ती वीस वर्षं उतरली नाही. धडधाकट माणसाला हा वारा आडवा पाडतो, तर लोखंडाच्या डब्याची काय कथा!

खिडकी बंद केली, फटींत चिंध्या कोंबल्या. रोसांदाला सांगितलं तर ती चक्क म्हणाली, खरंच की रे. स्वतः जाऊन माझं लोकरीचं जाकीट घेऊन आली आणि आम्ही दोघांनी मिळून ते कॉम्प्युटरला घातलं, वरून बटणं लावली. लग्नानंतर आमचं पूर्ण एकमत झाल्याचा हा दुसरा प्रसंग. पहिला नेवेनाचं नाव ठेवताना.

नेवेना संध्याकाळी आली आणि दारातच थिजली. म्हणाली, बाबा, आई, त्याला वारा लागतो! त्याला वाऱ्यासाठीच फॅन आहेत! तिनं भराभर बटणं काढली आणि जाकीट माझ्या हातात दिलं. आमच्या पिढीला तिच्या पिढीचं हेच कळत नाही. शिकतात पुष्कळ, पण वाऱ्याला घाबरत नाहीत.

डबा हाताला चांगला कढत लागत होता. ऊब धरली होती म्हणजे.

१४ नोव्हेंबर

खोलीत जळका वास. हीटरवर वाळत घातलेल्या मोज्याचा असेल असं सगळ्यांचं ठरलं.

तरीपण सहज म्हणून कुमाकडे गेलो. थेट विचारायची सोय नव्हती. तासभर हवापाणी, भाच्याची तब्येत, यंदाचे आलुबुखारे, मग हळूच म्हटलं, कुमे, तो सप्लाय, म्हणजे छानच आहे, पण कधी कधी जरा विश्रांती घेतो. गव्रिलोनं ग्लास खाली ठेवला. म्हणाला, कुमे, मी तुला वाईट माल देईन?

म्हटलं, छे छे छे!

तो म्हणाला, नवा आहे तो. अजून रुळला नाही. नव्या बुटांनी पायाला फोड येतो की नाही?

हे अगदी पटण्यासारखं आहे. नेवेनाला जाऊन बुटांचं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, प्लीज, दुकानातला आणूया, माझे पैसे आहेत. मी म्हटलं, आणि कुमाला काय तोंड दाखवू? ती म्हणाली, आणि मी प्रोफेसरांना?

आजकाल उलट बोलते. दमलीय.

१९ नोव्हेंबर

परवा तिनं खरी फिल्म लावली होती. आम्ही सगळे चोरपावलांनी चालत होतो. रोसांदानं मिक्सर लावला नाही, मी टीव्हीचा आवाज बंद करून फुटबॉल बघितला. काल दुपारपर्यंत चालू होता. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू भरत होती, मी खुर्ची टाकून तिच्यासमोर बसलो होतो, मनात म्हणत होतो, चल राजा, चल.

पट्टी जवळजवळ भरली होती. टक् असा आवाज झाला आणि पडदा काळा.

नेवेना स्वयंपाकघरात चहा करत होती. आवाज तिलाही ऐकू आला असणार. आली, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, विजेचा दाब. तिनं एकदा बटण दाबून बघितलं. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, मी काहीतरी बोललो असतो. तिनं कोट घातला आणि फिरायला गेली, एकटीच, थंडीत.

आज काही लिहायची इच्छा नव्हती. मला फार वाईट वाटतंय. दोष वीजमंडळाचा असला तरी वाईट मला वाटतंय.

२१ नोव्हेंबर

नेवेना आपली डिस्क काढून मैत्रिणीकडे राहायला गेली. रोसांदानं सांगितलं. कोणती मैत्रीण विचारलं तर म्हणाली, आहे एक, टक्कल पडलेली.

रोसांदाचे विनोद मला कधीच कळले नाहीत.

बरंच झालं. आता मला शांतपणे यंत्राच्या मुळाशी जाता येईल. पॉवर सप्लाय सोडवून टेबलावर ठेवलाय. दोन दिवस तसाच राहू द्यायचा, आत वीज साठलेली असते, हे मला माहीत आहे. मी काही अडाणी नाही.

गॅलरीत कोबीचा वास बदललाय. रोसांदा वरची पांढरी साय काढताना माझ्याकडे बघते. दगड विसरलेलो नाही. पण नदीवर आता चिखल आहे.

२४ नोव्हेंबर

उघडला.

निरीक्षणं जशी केली तशी नोंदवतो. आत एक सर्किट, तळहाताएवढं. एक बारका ट्रान्सफॉर्मर, काड्यापेटीएवढा. दोन फुगलेले कपॅसिटर, त्यातून काहीतरी ओघळून वाळलेलं. आणि तळाशी, अर्धी जागा व्यापून, एक काळा ठोकळा. गुळगुळीत, चौकोनी, तारा न जोडलेला.

पहिला निष्कर्ष: उष्णता शोषून घेण्याचं साधन. अतिशय आधुनिक. व्हिएन्ना म्हणजे व्हिएन्ना.

स्क्रू-ड्रायव्हरनं जरा खरवडला. काळा रंग निघाला. खाली करडं. अजून खरवडलं, भुगा पडला. बोटाला लावून बघितला. घर बांधताना चार महिने मी स्वतः कालवलंय ते, मला ओळखायला वेळ लागायचं कारण नव्हतं. तरी लागला.

सिमेंट.

किती वेळ बसलो होतो कोण जाणे. रोसांदा कधी येऊन मागे उभी राहिली ते कळलंच नाही. तिनं ठोकळा बघितला, भुगा बघितला, मला बघितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं तो अख्खा डबा दोन्ही हातांनी उचलला आणि तोलून बघितला. विचारलं, किती भरतो?

म्हटलं, पावणेचार किलो.

ती म्हणाली, दीड महिना झाला मी दगड आण, दगड आण म्हणून घसा कोरडा करतेय, आणि तू कधीचाच आणून ठेवलायस. सांगायचं तरी!

मी सर्किट खेचून काढलं, कचऱ्यात टाकलं. उरलेला डबा ठोकळ्यासकट दोन जाड पिशव्यांत बांधला आणि गॅलरीत जाऊन पिंपाच्या फळ्यांवर ठेवला. फळी खाली गेली, पाणी वर आलं, कोबी बुडाला. डबा चौकोनी असल्यामुळे गडगडला नाही.

रोसांदा म्हणाली, अगदी मापाचा आहे.

२६ नोव्हेंबर

स्वतंत्र संशोधनाअंती मी एका मॉडेलवर आलो आहे. दोन किलोचं आहे. योगायोगानं तेच, जे नेवेना म्हणत होती. आपापल्या वाटेनं दोन माणसं एकाच ठिकाणी पोचतात, तसंच हे.

दुकानातल्या त्याच पोरीनं विचारलं, काका, काटा नाही आणला?

म्हटलं, बिल दे. नीट, शिक्का मारून.

घरी आणून बसवला, एकट्यानं, टॉर्च दातात धरून. चालू केला. तीन दिवस चालूच ठेवणार आहे, बघूच.

३० नोव्हेंबर

बंद पडला नाही. एकदाही. थोडा रागच आला त्याचा.

नेवेनाला फोन केला, ये आता, तयार आहे. ती म्हणाली, बाबा, फिल्म झाली. परवाच झाली. मामाच्या कॉम्प्युटरवर केली.

मामाच्या.

स्पासोये! टक्कल पडलेली मैत्रीण! आठवडाभर तो पत्ते न खेळता बसला होता आणि माझ्या मुलीला पांढऱ्या बीन्सची उसळ करून वाढत होता. फोनवर मागून त्याचा आवाज आला, व्लास्तोला सांग, काळजी करू नको. मला कोणाची काळजी नाही असं सांगावं म्हणून तोंड उघडलं, आणि निघालं काय तर, धन्यवाद म्हणावं त्याला.

का म्हणालो कुणास ठाऊक. पण म्हणालो.

५ डिसेंबर

नेवेनानं काम वेळेत दिलं. रोसांदानं पीता केली, भोपळा भरलेली, थराथरांची. मी एकच तुकडा खाल्ला.

१६ डिसेंबर

नेवेनाचं सादरीकरण. कॉलेजच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत आम्ही तिघं, मी, रोसांदा आणि तो स्पासोये. अंधार केला आणि फिल्म सुरू झाली. पडक्या भिंती एकेक करून उभ्या राहिल्या, खिडक्यांतून ऊन आत आलं, हौदात पाणी भरलं, वाफ निघाली. आपली पोर हे करू शकते हे मला माहीत नव्हतं. मी दोन महिने तिच्यासाठी झटत होतो आणि ती काय करतेय हे एकदाही विचारलं नव्हतं.

शेवटी आभार. आईला, मामाला, प्रोफेसरांना. मग एकटीच ओळ: 'आणि माझ्या बाबांना. काम तुकड्यातुकड्यांनी जपून ठेवायचं असतं हे त्यांच्यामुळे शिकले.'

हॉल हसला. स्पासोये मोठ्यानं हसला. मीही हसलो, जरा उशिरा.

बाहेर आल्यावर तिला म्हटलं, नेवेना, मी तुला शब्द दिला होता. ती म्हणाली, हो बाबा. आणि माझा मफलर गळ्याशी घट्ट बांधला, म्हणाली, प्रोमाया आहे.

पूर्ण गुण मिळाले.

१९ डिसेंबर

संत निकोलस. सकाळी मेणबत्ती लावली, गव्हाचा प्रसाद ठेवला. दुपारपासून माणसांची रीघ. उपवासाचा महिना, त्यामुळे मासे, बीन्स आणि भात-अक्रोडाच्या बिनमांसाच्या सार्मा. सगळ्यांचं एकच, रोसांदा, कोबी काय झालाय यंदा! देसांका म्हणाली, पान तुटत नाही आणि तोंडात विरघळतं. स्पासोयेनं आठ खाल्ल्या. (मोटर नेऊन देणार आहे. देसांकाला शब्द दिलाय.)

मग कुम आला. गव्रिलोला सगळ्यात वरची खुर्ची. त्यानं ग्लास उचलला, घरादाराला आयुष्य मागितलं, पहिली सार्मा तोंडात घातली आणि भर टेबलावर विचारलं, मग कुमे, कसा चाललाय माझा सप्लाय?

सगळ्यांनी आपापल्या ताटात बघितलं. मी घाम पुसला.

रोसांदा पातेलं हातात घेऊन उभी होती. म्हणाली, कुमे, काय सांगू. रात्रंदिवस कामावर आहे. ठेवल्यापासून जागचा हलला नाही. सार्मा घ्या ना अजून, त्याच्याच कृपेनं आहेत.

नेवेना खोकत खोकत बाहेर गेली. स्पासोयेला ठसका लागला, कोणीतरी त्याच्या पाठीत मारलं.

गव्रिलो खूश. म्हणाला, बोललो नव्हतो मी? रुळायला वेळ लागतो! भाच्याकडे अजून एक आहे, तसाच, त्याहून मोठा. तुझ्यासाठी ठेवायला सांगतो.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. संताचा दिवस, घरात आलेला पाहुणा, आणि पाहुणा म्हणजे कुम. टेबलाभोवतीची सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

म्हटलं, आण.

२० डिसेंबर

सकाळी गव्रिलो खोकं देऊन गेला. तोच गरुड. बिल मागितलं नाही.

रोसांदा म्हणाली, राहू दे, पुढच्या वर्षी मिरच्यांच्या पिंपाला होईल, आणि बाजारात गेली. नेवेना आपल्या खोलीत कॉम्प्युटरवर बसलीय, दोन किलोवाल्यावर. इथपर्यंत फॅनचा आवाजही येत नाही.

घरात कोणी बघत नव्हतं. काट्याला लावून पाहिला. चार किलो शंभर ग्रॅम.

पहिल्यापेक्षा बराच चांगला वाटतो.